इन्स्टावर आलेलं स्थळ

अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत रुग्ण नसतात. कुत्री असतात. डोनटची खोकी असतात, ऑक्टोबरात कोरलेले भोपळे असतात, कुठल्यातरी डोंगरमाथ्यावर हात पसरून उभे असलेले आठ-दहा तरुण डॉक्टर असतात आणि त्यांच्या मागे हटकून सूर्य मावळत असतो. आजारी माणूस मात्र औषधालाही सापडत नाही.

हा निष्कर्ष मी इन्स्टाग्रामच्या आधारे काढला आहे. अमेरिकेला मी कधी गेलेलो नाही. पण गेल्या सप्टेंबरपासून ओहायो आणि मिशिगन ही दोन राज्यं माझ्याकडे सोपवलेली आहेत. सोपवणारी माझी थोरली बहीण. तिची मुलगी मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाली, यूएसएमएलई नावाच्या परीक्षा पास झाली आणि आता तिला अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करायची आहे. रेसिडेन्सी म्हणजे आपल्याकडचं एमडी समजा : तीन वर्षं हॉस्पिटलात राबायचं आणि स्पेशालिस्ट होऊन बाहेर पडायचं. भाची अर्जांत बुडालेली, तेव्हा ताईनं राज्यं वाटून टाकली. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी स्वतःकडे ठेवली, कारण "तिथे आपली माणसं आहेत". टेक्सास भावजींकडे गेलं. मला उरलंसुरलं मिळालं. काम एकच. आपापल्या राज्यातल्या रेसिडेन्सी प्रोग्रॅमांची खाती रोज बघायची आणि "वातावरण कसं आहे" ते ताईला कळवायचं.

रुग्ण न दिसण्याला कारण आहे म्हणा. रुग्णाची ओळख पटेल असा फोटो त्याच्या परवानगीवाचून टाकला, तर तिथला कायदा हॉस्पिटलला सोडत नाही. कुत्र्यांना तसलं काही संरक्षण नाही.

२०२० पूर्वी ही भानगड फारशी नव्हती. उमेदवार डॉक्टर बॅगेत सूट कोंबून, पदरचे पैसे घालून, या शहरातून त्या शहरात विमानानं हिंडायचे. हॉस्पिटलवाले आदल्या रात्री जेवू घालायचे, दुसऱ्या दिवशी मुलाखत घ्यायचे आणि वॉर्ड, ग्रंथालय, कँटीन असं सगळं फिरवून दाखवायचे. मग कोरोना आला. त्या मे महिन्यात वैद्यकीय शिक्षणातल्या संस्थांनी मिळून सांगितलं, की यंदाच्या मुलाखती पडद्यावरच घ्या. झालं! आपलं कँटीन आता उमेदवाराला दिसणार कसं, या काळजीनं प्रोग्रॅमवाल्यांची झोप उडाली. त्यांनी एकेका रेसिडेंटच्या हातात फोन दिला आणि म्हणाले, काढा खातं. मी ज्या ज्या खात्याच्या तळापर्यंत गेलो, त्यांतल्या बहुतेकांची पहिली पोस्ट त्याच उन्हाळ्यातली निघाली. कोरोना ओसरला, पण पडद्यावरच्या मुलाखती बऱ्याच ठिकाणी राहिल्या आणि खाती तर सगळीकडेच राहिली. त्यात जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या परीक्षेचे मार्क देणं बंद झालं. आता नुसतं पास किंवा नापास. मार्कांवरून माणूस ओळखायची सोय गेली आणि दोन्ही बाजू एकमेकांचे फोटो निरखायला लागल्या.

आता मराठी वाचकाला हे सगळं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत असेल, तर त्याचं चुकत नाही. ही निवड ज्या पद्धतीनं होते तिला 'मॅच' म्हणतात. १९५२ पासून ती चालू आहे. उमेदवारानं हॉस्पिटलांची आपल्या पसंतीच्या क्रमानं यादी द्यायची, हॉस्पिटलनं उमेदवारांची द्यायची, आणि संगणकानं जोड्या लावायच्या. त्यामागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ साली एका निबंधात मांडलं, आणि त्या निबंधाचा विषय होता कॉलेज प्रवेश आणि विवाहाचं स्थैर्य. इतकी मुलं, इतक्या मुली, प्रत्येकाची आवडनिवड वेगळी. तर जोड्या अशा कशा लावायच्या, की नंतर कुणी कुणाबरोबर पळून जाण्यात अर्थ उरणार नाही? पुढे ॲल्विन रॉथ यांनी नव्वदच्या दशकात डॉक्टरांची मॅच त्याच तत्त्वावर नव्यानं बांधून दिली. २०१२ साली रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "मग पत्रिकेचं काय?"

पत्रिकेचीही सोय आहे. इंटर्नल मेडिसिनच्या उमेदवाराला अर्जासोबत पंधरा खुणा पाठवता येतात, 'आम्हाला तुमच्यात खरंच रस आहे' असं सांगणाऱ्या. त्यांतल्या तीन सोन्याच्या आणि बारा चांदीच्या. थट्टा करत नाही, अधिकृत नावंच तशी आहेत. हाडांच्या डॉक्टरांना तीस मिळतात. त्यांच्यात सोनं-चांदी नाही. आमच्या घरात सोनं कुणाला घालायचं यावर दसरा उलटून गेला तरी एकमत होत नव्हतं.

एका बाबतीत मात्र ही पद्धत आपल्यापेक्षा सोवळी आहे. आपल्याकडे मुलगी बघून झाली की "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. तिथे 'तुम्ही आम्हाला कितव्या नंबरवर ठेवणार' असं एकमेकांना विचारायलाच नियमानं बंदी आहे. शिवाय संगणकानं एकदा जोडी लावली की ती दोघांवर बंधनकारक. मोडता येत नाही, हुंड्यावरून तर नाहीच.

म्हणूनच इन्स्टाग्रामचं महत्त्व. तोंडानं बोलायची चोरी, तेव्हा खुणा वाचायच्या. एका प्रोग्रॅमच्या खात्यानं भाचीच्या पुरणपोळीच्या फोटोला बदाम दिला, त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी चर्चा झाली तशी त्या मुलीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही झाली नव्हती. भावजींचं म्हणणं, बदाम खातं चालवणाऱ्या पोरानं चुकून दिला असेल. ताईचं म्हणणं, चुकून दिलेला बदाम काढून घेतात, हा सकाळपर्यंत तसाच आहे. सकाळी त्याच खात्यानं एका सॅलडलाही बदाम दिलेला दिसला आणि घरावर अवकळा पसरली.

खात्यांवर सर्वांत भरघोस मजकूर असतो तो 'आमच्या नव्या इंटर्नना भेटा' या मालिकेत. इंटर्न म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. प्रत्येकाचा हसरा फोटो, गाव, मेडिकल कॉलेज आणि छंद. मी बरेच इंटर्न वाचले. सगळ्यांना डोंगर चढायला आवडतं, नवनवी रेस्टॉरंटं शोधायला आवडतात आणि घरच्यांबरोबर वेळ घालवायला आवडतो. आता यात थोडा हिशेब आहे. तिथे २००३ पासून नियम आहे, की रेसिडेंटकडून आठवड्याला सरासरी ८० तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही. म्हणजे ८० पर्यंत घेता येतं. आठवड्याचे तास १६८. त्यांतून ८० गेले, रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले, उरले ३९. त्यात आंघोळ, स्वयंपाक, येणं-जाणं, परीक्षेचा अभ्यास आणि उरलेल्या वेळात डोंगर. फोटोत सूर्य नेहमी मावळतीला का असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

ताई मात्र छंद वाचत नाही. ती आडनावं वाचते. पाटील, जोशी, कुलकर्णी आणि 'कर' हा प्रत्यय. 'कर' दिसला की तिचा फोन येतो, "अरे, ब्राँक्सला एक मिळाला!" यात हसण्यासारखं आहे तितकंच शहाणपणाचंही आहे. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला सगळ्यांत आधी कळायला हवं ते हे, की हा प्रोग्रॅम बाहेरच्यांना घेतो का आणि व्हिसा कोणता देतो. जे-१ दिला तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं, नाहीतर त्यातून सूट मिळवायची. एच-१बी देणारे कमी. ही माहिती डोनटइतक्या ठळकपणे कुणी टाकत नाही. तेव्हा ज्या वर्गात चार भारतीय, दोन पाकिस्तानी आणि एक नेपाळी चेहरा दिसतो, तिथे दार उघडं आहे असं समजायचं. जिथे सगळ्यांच्या हातात स्की आहेत, तिथे अर्जाचे पैसे वाचवायचे.

ते पैसेही किरकोळ नसतात. २०२५ च्या हंगामात एका शाखेसाठी पहिल्या तीस अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला ३० डॉलर असा दर होता. दीडशे ठिकाणी अर्ज केला की ३,९३० डॉलर, म्हणजे सव्वातीन-साडेतीन लाख रुपये नुसते "माझा विचार व्हावा" म्हणण्याचे. आणि त्या वर्षी परदेशी नागरिक असलेल्या, परदेशात शिकलेल्या उमेदवारांपैकी शंभरातल्या साधारण अठ्ठावन्न जणांना जागा मिळाली. उरलेल्या बेचाळीस जणांचे रील कुणी बनवत नाही.

छंदाचा प्रश्न आमच्याही दारात आला. अर्जात छंद लिहायचे असतात आणि भाची आठवीपासून अभ्यासच करते आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "मामा, झोप लिहू का?" भरतनाट्यम चौथीत सुटलं होतं. शेवटी 'ट्रेकिंग' लिहिलं. ती पन्हाळ्याला जाऊन आलेली आहे. गाडी वरपर्यंत जाते, हे अमेरिकेत कुणाला माहीत असायचं कारण नाही.

छंद वाढवणं सोपं. जुनं झाकणं अवघड. प्रोग्रॅमवाले आपलं खातं बघतात या धास्तीनं उमेदवार अर्ज करायच्या आधी स्वतःच्या खात्याची साफसफाई करतात. ही धास्ती पोकळ नाही. अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ व्हॅस्क्युलर सर्जरी' या मान्यवर नियतकालिकात रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांवर एक अभ्यास छापून आला होता. शिक्षण संपवून बाहेर पडणारे तरुण सर्जन सोशल मीडियावर काय काय टाकतात हे तपासायला तिघा पुरुष संशोधकांनी खास खाती काढली आणि ४८० सर्जनांचा शोध घेतला. 'व्यवसायाला न शोभणारं' असण्याची शक्यता असलेल्या गोष्टींच्या यादीत हातातला मद्याचा प्याला होता, हॅलोविनचा चावट पोशाख होता आणि बिकिनी होती. २०२० च्या जुलैत हे डॉक्टर मुलींच्या नजरेस पडलं. मग त्यांनी काय करावं? जगभरातल्या डॉक्टरणींनी आपापले बिकिनीतले फोटो 'मेडबिकिनी' या हॅशटॅगखाली टाकले आणि विचारलं, "आता सांगा, टाके नीट पडणार नाहीत का?" काही पुरुष डॉक्टरांनीही पाठिंबा म्हणून बिकिनी घातल्या, ते फोटो न शोभणारे होते, याबद्दल मात्र मी संशोधकांशी सहमत आहे. नियतकालिकानं माफी मागून निबंध मागे घेतला.

आमच्या घरी ही गोष्ट सांगूनही साफसफाई झालीच. भाचीच्या खात्यावर बिकिनी नव्हती. पण गणपतीत ढोल बडवतानाचा व्हिडिओ होता. तो ठेवावा की काढावा? नेतृत्वगुण दिसतील, असं मी म्हटलं. आवाज दिसेल, असं भावजी म्हणाले. व्हिडिओ राहिला. गेला तो भावजींचा एकतीस डिसेंबरचा फोटो. त्यात भाची दूर कोपऱ्यात होती आणि भावजी अगदी मध्यभागी.

पुढचा टप्पा 'सोशल'. मुलाखतीच्या आदल्या दिवशी रेसिडेंट मंडळी पडद्यावर उमेदवारांशी मोकळ्या गप्पा मारतात, वरिष्ठ कुणी नसतात, आणि याला कधी कधी 'हॅपी अवर' म्हणतात. न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात म्हणजे थंडीच्या दिवसांत आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. हातात चहाचा कप, वर ब्लेझर, खाली पायजमा आणि मागे दूधवाल्याची घंटी, अशा वातावरणात माझी भाची हॅपी होत असे. तिकडचा रेसिडेंट बिअरचा घोट घेत विचारी, "वीकेंडला काय करता?" पाच-सहा उमेदवार एका सुरात सांगत, "हायकिंग." मग तो सांगे, की आमच्या प्रोग्रॅमची खरी ताकद म्हणजे आमची माणसं, आम्ही एका कुटुंबासारखे आहोत. हे वाक्य मी पडद्यामागून इतक्यांदा ऐकलं, की एकही कुटुंब न पाहिलेल्या माणसानं ते पहिल्यांदा म्हटलं असावं अशी मला शंका येते.

मला कणव येते ती मात्र या खात्यांच्या चालकांची. हे खातं बहुधा एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या गळ्यात मारलेलं असतं. रात्रपाळी करून, तीन मृत्यू नोंदवून, सकाळी घरी जायच्या आत त्याला 'आमचा मानसिक स्वास्थ्य सप्ताह' या विषयावर रील करायचं असतं. मिशिगनच्या एका रीलमध्ये योगासनं करणाऱ्या पाच जणांपैकी एक जण शवासनातून उठलाच नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "किती शांत!" तो झोपला होता हो.

खरी माहिती मग मिळते कुठे? तर तीही सोशल मीडियावरच मिळते, फक्त नाव लपवून. रेडिटवर दर हंगामात निनावी लोक कुठे कुणाला कसं वागवलं त्याच्या याद्या लावतात. त्यात खरं किती आणि जागा न मिळाल्याचा राग किती, ते कळायला मार्ग नसतो. पण वाचतात सगळे. आणि आपल्या मुलांचे व्हॉट्सॲप-टेलिग्रामचे ग्रुप असतात, कॉलेजवार, बॅचवार. तिथे ज्युनिअर विचारते, "सर, तुमचा प्रोग्रॅम कसा आहे?" सर लिहितात, "ग्रेट प्रोग्रॅम, ग्रेट पीपल." आणि एका मिनिटानं वेगळा मेसेज येतो, "कॉलवर बोलू." या दोन शब्दांत जे असतं ते अमेरिकेतल्या सगळ्या रेसिडेन्सी खात्यांवर मिळून नाही. भाचीनं ज्या प्रोग्रॅमला सोनं घालायचं ठरवलं होतं, तिथल्या सीनिअरनं अर्धा तास कॉलवर बोलून सोन्याची चांदी केली.

हे ऐकून आपल्याकडच्या एमडी-एमएसच्या मुलांना हसू येईल. आपल्याकडे रँक सगळं ठरवते. नीट-पीजीला दोन लाखांहून अधिक डॉक्टर बसतात. हॉस्पिटलला कुणाला भुलवायची गरजच नसते. जो येईल तो बॅग घेऊन येतो आणि त्याच रात्री ड्यूटीला लागतो. तरी भरतीचा बाजार आपल्याकडेही फोनवर भरतोच. 'कमी रँकवर रेडिओलॉजीची सीट कन्फर्म' म्हणणारे दलाल फेसबुकवर आणि टेलिग्रामवर उगवतात आणि दरवर्षी समुपदेशन समितीला सूचना काढावी लागते, की आमचा कुणी दलाल नाही. मुलं त्याच टेलिग्रामवर एकमेकांना विचारतात : वर्कलोड किती, हॉस्टेल मिळतं का, स्टायपेंड वेळेवर होतो का, बाँड किती, सीट सोडली तर दंड किती. शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा असतो. सौंदर्यस्थळं कुणी विचारत नाही. २०२३ साली तर नीट-पीजीचं पात्रता पर्सेंटाइल शून्यावर आणलं, तरी आपल्या एकाही कॉलेजला कुत्र्याचा फोटो टाकावासा वाटला नाही. कुत्री आपल्या सरकारी हॉस्पिटलांत भरपूर आहेत, तरीसुद्धा!

सोशल मीडियाची दखल मात्र आपल्याकडेही घेतली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे नियम काढले. त्यात, डॉक्टरांनी लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, असंही कलम होतं. महिना उलटायच्या आत ते सगळे नियम स्थगित झाले. लाइकमुळे नव्हे, औषधांच्या जेनेरिक नावांवरून. पण स्थगित झाले.

इंग्लंडनं तर एक अख्खी शाखाच फोनवरच्या भरतीनं भरून काढली. तिथे मानसोपचाराच्या प्रशिक्षणाला कुणी येत नव्हतं. २०१७ साली मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं 'चूज सायकायट्री' अशी मोहीम सोशल मीडियावर चालवली. काही वर्षांत जागा भरल्या, आणि आता एकेका जागेसाठी रांग लागते. त्या मोहिमेत डोनट कमी होते आणि काम काय असतं ते सांगणारे डॉक्टर जास्त होते, हे मी मुद्दाम नोंदवतो.

अमेरिकन खात्यांची मी एवढी चेष्टा केली, तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पूर्वी मिरजेच्या मुलीला बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स सोडलं तर दुसरं नावही ठाऊक नसायचं. ओहायोतल्या एखाद्या मध्यम गावातल्या हॉस्पिटलात आपल्यासारख्या मुली शिकताहेत, हे कळायला तिकडे एखादा काका असावा लागे. दहा शहरांत मुलाखतींना हिंडणं ज्यांना परवडे तेच हिंडत. आता बिनकाकाच्या मुलीलाही ते हॉस्पिटल दिसतं. जरा जास्तच हसरं दिसतं, पण दिसतं. तिथल्या सावळ्या चेहऱ्याच्या इंटर्नला ती थेट मेसेज करू शकते, आणि बरेचदा उत्तर येतं.

म्हणून तिकडे रेसिडेन्सी करणाऱ्या मराठी मुलामुलींना एक विनंती. तुमची रात्रपाळी संपायच्या सुमारास मिरजेहून किंवा नांदेडहून एक अनोळखी मुलगी इन्स्टावर विचारील, "दादा, व्हिसा कोणता देतात? महिन्याला नाइट्स किती?" तिला बदाम पाठवू नका. आकडे सांगा.